बुधवारचं भांडं

केन होलोच्या चर्चमध्ये एकेचाळीस वर्षं पियानो वाजवणाऱ्या व्हेस्टा प्रुइटबद्दल गावाचं एकमत दोनच गोष्टींवर होतं. तिच्या हातचं काही खाऊ नये, आणि तिच्या कानात काही सांगू नये. एरवी हे गाव कशावर एकमत होणारं नव्हे. चर्चचं छप्पर पत्र्याचं करायचं की लाकडी फळ्यांचं, यावर नऊ वर्षं भांडलं. तोवर जुनं छप्पर गळून गळून पियानोच्या डावीकडच्या चार पट्ट्या सुजल्या. व्हेस्टा त्या चार पट्ट्या टाळून वाजवायला शिकली. तोंडाला आवर घालायला मात्र काही शिकली नाही.

बाई मनानं वाईट होती का? छे हो! तोंडात तीळ भिजत नव्हता, एवढंच. "कुणाला सांगू नकोस हं," असं म्हणून ती सगळ्यांना सांगायची, आणि ज्याची गोष्ट त्यालाही सांगायची. डॉक्टरांचे केस विकतचे आहेत, हे गावाला तिच्याकडूनच कळलं आणि डॉक्टरांना सगळ्यात शेवटी. स्वयंपाकाचं तर विचारूच नका. एका नाताळला तिनं स्वतः केलेलं टर्कीचं सारण शेजारच्या कुत्र्याला घातलं. कुत्र्यानं वास घेतला, दोन पावलं मागं सरलं आणि पायांनी त्यावर माती लोटली. लग्नाचं विचारायला जन्मात दोघं आले. पहिला लढाईवर गेला तो परदेशातच बायको करून राहिला. दुसरा जेवायला थांबला आणि पुन्हा फिरकला नाही.

पण टेनेसीच्या त्या डोंगरपट्ट्यात ज्याला म्हणून चार सूर धरता येतात, त्याला ते व्हेस्टानं धरायला लावलेले असतात. डार्ला हेन्स्ली तिचीच विद्यार्थिनी. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात काम करणाऱ्या बापाची ही पोर, आवाज असा की ती गायला लागली की चर्चमध्ये पेंगणारे म्हातारे डोळे उघडायचे. एकोणिसाव्या वर्षी ती गाणी रेकॉर्ड करायला नॅशव्हिलला गेली आणि सव्विसाव्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णवच्या वसंतात, तिचा अल्बम आला. 'बुधवारचं भांडं' असं त्याचं नाव. अकरा आठवडे तो देशात पहिल्या नंबरावर होता. तीस लाख लोकांनी विकत घेतला. केन होलोत तर तो पेट्रोलपंपावर मिळे, खाद्याच्या दुकानात मिळे, आणि पुरण्याआधी मेलेल्या माणसांना सजवणाऱ्याच्या टेबलावरही एक गठ्ठा असे.

अल्बममध्ये दहा गाणी होती. नऊ गाण्यांतली माणसं गावानं दोन दिवसांत ओळखली. ज्यांच्यावर गाणं निघालं ते चिडले आणि ज्यांच्यावर निघालं नाही ते त्यांच्याहून जास्त चिडले. दहावं गाणं मात्र अडलं, आणि नेमकं तेच दिवसभर रेडिओवर वाजत होतं.

"दार ती ठोठावत नाही, नाव मागे ठेवत नाही,
आभाळ फाटो, बर्फ पडो, बुधवार तेवढा चुकवत नाही."

गाण्यातली बाई दुसऱ्याची बायको आहे. दर बुधवारी ती एका विधुराच्या ओसरीवर, मधाच्या पेट्यांशेजारच्या हिरव्या कठड्यावर, निळ्या फुलांच्या भांड्यात गरम जेवण ठेवते आणि न बोलता निघून जाते. भांड्याखालची नावाची पट्टी तिनं आधीच सोलून काढलेली असते.

आता हे पट्टीचं प्रकरण केन होलोत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथं कुणी मेलं, कुणाला मूल झालं, कुणाचं ऑपरेशन झालं, की बायका भांडी भरून घेऊन जातात. घरोघरी एकसारखं पांढरं, निळ्या फुलांचं भांडं. बहुतेकींना लग्नात मिळालेलं. म्हणून बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचं. भांडं धुऊन परत करायचं, आणि रिकामं कधीच परत करायचं नाही. रिकामं भांडं परत करणारा माणूस तिथं घोडेचोराच्या पंक्तीला बसतो.

ओसरी तर आंधळ्यानंही ओळखली असती. हिरवा कठडा आणि मधाच्या पेट्या बर्ल स्टॅम्परच्याच. बायको जाऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. गाडीभर शहरी बायका गळ्यात कॅमेरे अडकवून त्याच्या फाटकाशी उभ्या राहू लागल्या. "कोण हो ती?" म्हणून त्यांनी विचारलं, तर बर्ल म्हणाला, "भांडं होय? ते कुत्रं आणून ठेवतं."

गाव मात्र कुत्र्यावर भागणारं नव्हतं. कारण डार्लानं टीव्हीवर हसत हसत सांगून टाकलं होतं: "गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या पियानोच्या बाईंनी सांगितली. आणि अजून चालू आहे बरं का!"

ते ऐकलं तेव्हा व्हेस्टा खुर्चीत बसून मोजा रफू करत होती. सुई बोटात घुसली तरी तिला कळलं नाही.

दहा वर्षांपूर्वी सोळा वर्षांची डार्ला कुणा पोरासाठी पियानोवर डोकं ठेवून रडत होती. तिची समजूत काढताना व्हेस्टा बोलून गेली होती, "अगं, प्रेम म्हणजे रडणं नव्हे. मी एक लग्नाची बाई ओळखते, ती दर बुधवारी एका विधुराच्या हिरव्या कठड्यावर नाव सोललेलं भांडं ठेवते आणि दारसुद्धा वाजवत नाही." नाव घेतलं नव्हतं. हे म्हणजे तिच्या मते मोठंच तोंड आवरणं झालं होतं. पोरगी डोळे पुसून घरी गेली आणि जाताना गोष्ट घेऊन गेली. पुढं एकदा तिनं फोनवर विचारलं, तेव्हा 'अजून चालू आहे' हेही व्हेस्टाच बोलून गेली.

ती बाई म्हणजे इमोजीन लॉकहार्ट. व्हेस्टाची कुंपणापलीकडची शेजारीण, आणि चर्चचे कारभारी ब्रदर हर्शेल यांची बायको. ब्रदर हर्शेल म्हणजे ताठ कणा, पांढरा सदरा आणि रविवारी लॉन कापणाऱ्याला बुधवारच्या प्रार्थनेत नाव घेऊन झापणारा माणूस. तरुणपणी इमोजीन आणि बर्ल गाण्याच्या शाळेत एका बाकावर बसून गायचे. मग त्याचं दुसरीशी लग्न झालं आणि हिचं हर्शेलशी. संपलं. बर्लची बायको गेली आणि पहिल्याच बुधवारी हर्शेल चर्च उघडायला गेल्यावर इमोजीन मागच्या पायवाटेनं भांडं ठेवून आली. अकरा वर्षांत त्या दोघांत एका शब्दाचं बोलणं झालं नाही. भांडं परत यायचं ते व्हेस्टाच्या मागच्या पायरीवर, दर मंगळवारी. कधी मधाची बाटली, कधी अक्रोड, कधी टोमॅटो. व्हेस्टा त्यातलं अर्धं हमाली म्हणून काढून घेई आणि उरलेलं कुंपणावरून देई. इमोजीनच्या वाट्याला अकरा वर्षांत एक मधाची बाटली पुरती भरलेली आली नाही.

टीव्हीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इमोजीन आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती दारातच उभी राहिली, हात ॲप्रनमध्ये गुंडाळलेले.

"व्हेस्टा, जन्मात मी तुझ्याकडे एकच गोष्ट ठेवायला दिली होती," ती म्हणाली. "एकच गं."

"मी नाव नव्हतं घेतलं—"

"भांडं त्याच्याकडे आहे. काल बुधवार होता ना. आणि त्याच्या फाटकाशी सात गाड्या उभ्यात. तो आणू शकत नाही, मी जाऊ शकत नाही."

एवढं म्हणून ती गेली. एका भांड्यासाठी हा घोर कशाला, असं कुणी म्हणेल. तर त्याचं कारण नेडीन फुगेट. नेडीनचं केस सेट करण्याचं दुकान होतं, आणि डोकं यंत्राखाली अडकलेली बाई कुठं पळून जाणार? त्या आठवड्यात तिनं प्रत्येकीला बजावलं, "रविवारी फुलं वाहायला जमायचंय ना? यंदा सगळ्याजणींनी निळं भांडंच आणायचं. जिचं घरात नसेल, तिचं कुठं आहे ते आपल्याला कळेलच!"

मे महिन्यातल्या त्या रविवारी सगळं गाव कबरस्तानात जमतं. कबरी साफ करायच्या, फुलं ठेवायची, आणि झाडाखाली लांब टेबलं मांडून आपापल्या मेलेल्यांच्या शेजारी बसून जेवायचं. त्या जेवणाला गैरहजर राहायला माणूस स्वतः जमिनीखाली असावा लागतो. म्हणजे इमोजीनला सुटका नव्हती.

नवं भांडं घ्यावं तर त्या नक्षीचं दुकानात मिळत नव्हतं. व्हेस्टानं तीन दिवस विचार केला. तीन दिवस तिच्या घरात पियानो वाजला नाही, तेव्हा रस्त्यापलीकडच्या म्हातारीनं बाई गेली की काय म्हणून दार वाजवून पाहिलं. चौथ्या दिवशी व्हेस्टानं कपाटातून स्वतःचं निळ्या फुलांचं भांडं काढलं. फारसं वापरलेलंच नव्हतं, कोण खाणार? बुडाची 'प्रुइट' लिहिलेली पट्टी नखानं सोलली, नवी लावली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'इमोजीन लॉकहार्ट'. भांडं कुंपणावर ठेवलं आणि हाक न मारता आत आली.

जन्मात पहिल्यांदा ती काही न बोलता आत आली.

रविवारी टेबलांवर निळ्या फुलांची रांगच लागली. बायका आपापलं भांडं मांडताना हळूच उचलून बुडाची पट्टी सगळ्यांना दिसेल असं करत होत्या. मुद्दाम नव्हे, असं दाखवत. नेडीन हात मागे बांधून टेबलांवरून फिरत होती. इमोजीनच्या पुडिंगपाशी ती थांबली, भांडं वाकवून पट्टी वाचली, "नवीन दिसतेय पट्टी," म्हणाली आणि पुढं सरकली. ब्रदर हर्शेल समोरच उभे होते, बर्फाच्या चहाचा पेला हातात घेऊन. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच इस्त्री केलेला.

आणि मग व्हेस्टा आली. फुलाफुलांचा झगा, ओठांना लाली, आणि हातात पत्र्याच्या पातळ ट्रेमध्ये मक्याचं पुडिंग. कडेनं करपलेलं आणि मध्ये हलणारं.

"मिस व्हेस्टा," नेडीन साखरेत घोळून म्हणाली, "तुमचं निळं भांडं कुठाय हो?"

"बर्लकडे," व्हेस्टा म्हणाली.

चमचे थांबले. एका बाईच्या ताटातलं अंडं घरंगळून गवतात गेलं.

"काय पाहताय? भांडं माझं. बुधवार माझा. डार्लाला गोष्ट मी सांगितली, ती आपली सोडून काय दुसऱ्याची सांगणार होते? माझ्या मागच्या पायरीवर मधाच्या बाटल्या तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात की नाही?"

पाहिल्या होत्या. सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. माना हलू लागल्या. पण नेडीन काही दुधखुळी नव्हती.

"गाण्यातली बाई तर लग्नाची आहे," ती म्हणाली.

"नॅशव्हिलचं गाणं आहे ते, शपथपत्र नव्हे! म्हाताऱ्या कुमारिकेवरचं गाणं कोण विकत घेणार?"

लोक हसले. नेडीननं बोट त्या पुडिंगकडे केलं. "ते सगळं असू दे. पण बाई, अकरा वर्षं? दर बुधवारी? हे? आणि माणूस जिवंत?"

व्हेस्टानं सगळा विचार केला होता, हा मात्र केला नव्हता. स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल तिला कुणी कधी तोंडावर खरं सांगितलंच नव्हतं; सगळे पावाखाली लपवत आले होते. सगळं गाव त्या हलणाऱ्या पुडिंगकडे पाहत होतं. टेबलाच्या टोकाला इमोजीननं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. अजून एक क्षण गेला असता तर ती स्वतःच बोलली असती.

तेवढ्यात बायकोच्या कबरीपाशी फुलं ठेवत असलेला बर्ल उठला. गुडघे झटकले. आपल्या जुन्या ट्रककडे गेला आणि कापडात गुंडाळलेलं निळ्या फुलांचं भांडं घेऊन आला. त्यात मधाच्या दोन बाटल्या होत्या. भांडं त्यानं व्हेस्टापुढं ठेवलं. नेडीननं लगेच बूड पाहिलं. पट्टी नव्हती, सोललेल्याची खूण तेवढी होती.

मग त्यानं ताट घेतलं, मोठा चमचा त्या पुडिंगमध्ये खुपसला आणि ताट भरलं. पहिला घास तोंडात टाकला. बर्लचा गळा वर गेला, खाली आला. डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट आहे का रे?" कुणीतरी विचारलं.

"गोड आहे," बर्ल म्हणाला, आणि ताट संपवलं. दुसरं घेतलं. तेही संपवलं. तिसऱ्यांदा चमचा खुपसला तेव्हा नेडीनचाच धीर सुटला. "अरे पुरे, मरशील!" ती ओरडली.

"माझ्या बाईच्या हातचं आहे," बर्ल म्हणाला. "तू कोण मला पुरे म्हणणारी?" हे म्हणताना तो व्हेस्टाकडे पाहत होता. अगदी नीट, सरळ, तिच्याचकडे. दुसरीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, आणि तेच किती अवघड होतं ते तिथं दोघींनाच माहीत होतं.

गावाची खात्री पटली. असलं पुडिंग तीन ताटं खाणारा माणूस प्रेमातच असला पाहिजे, दुसरं कारण डॉक्टरांनाही सुचलं नाही.

त्या दिवसापासून व्हेस्टा प्रुइट तीस लाख प्रतींची नायिका झाली. शहरी बायका तिच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागल्या. ती लाजायची आणि एकेक तास बोलायची. पण एक घोटाळा झाला. आता बुधवारी तिलाच भांडं न्यावं लागणार, भर दुपारी, कॅमेऱ्यांसमोरून! मग दोघी मैत्रिणींनी गावात उठवून दिलं की इमोजीन व्हेस्टाला स्वयंपाक शिकवते. दर बुधवारी इमोजीनच्या चुलीवरचं भांडं कुंपणावरून व्हेस्टाकडे येई आणि व्हेस्टा ते मिरवत रस्त्यानं बर्लकडे नेई. त्याच्या ओसरीवर बसून चहा पिई, त्याला चार गोष्टी सांगे, आणि येताना मध घेऊन येई. हमाली तिनं सोडली नव्हती. फक्त आता मोठी बाटली इमोजीनला देई.

ऑगस्टातल्या एका बुधवारी ती कुंपणाशी उभी होती, तर भांडं घेऊन आले ब्रदर हर्शेल.

"तिचे हात पिठात आहेत," ते म्हणाले. "नीट धर. गरम आहे."

"थँक यू, ब्रदर हर्शेल. कुठवर शिकणार मी हे सगळं, देव जाणे—"

"मधला तुकडा आहे," हर्शेल म्हणाले.

व्हेस्टाला कळेना. "काय?"

"पुडिंगचा मधला तुकडा. अकरा वर्षं बुधवारी माझ्या ताटात कडेचाच येतो. मला काय दिसत नाही होय?"

व्हेस्टाच्या हातांत भांडं जड झालं. ती पहिल्यांदाच त्या ताठ माणसाकडे जवळून पाहत होती. दाढी करताना हनुवटीखाली थोडी राहिली होती.

"मग बोलला का नाहीत?"

आतून स्वयंपाकघरातून इमोजीनचा आवाज येत होता. जुनं, गाण्याच्या शाळेतलं काहीतरी ती गुणगुणत होती. हर्शेल तिकडे कान देऊन थोडा वेळ उभे राहिले.

"बुधवारी ती गाते," ते म्हणाले. "बाकीच्या दिवशी नाही गात. बोललो असतो तर तिनं बुधवारही बंद केला असता." मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "बर्लला डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय म्हणे. मी तिला कसं सांगू? तू सांग." आणि वळून निघून गेले.

व्हेस्टा ते भांडं घेऊन रस्त्यानं गेली. फाटकाशी कॅमेरेवाल्या बायका होत्या, त्यांच्याशी ती एक शब्द बोलली नाही. बर्लच्या ओसरीवर चहा निवून गेला तरी बोलली नाही. "बरं नाही का गं?" बर्लनं दोनदा विचारलं. इमोजीनला तिनं मिठाचं सांगितलं, बाकी काही नाही. ते किती जड गेलं म्हणून सांगू! जीभ दातांखाली धरून तिनं आठवडा काढला.

पुढच्या सोमवारी फोन वाजला. नॅशव्हिलहून डार्ला.

"मिस व्हेस्टा, दुसरा अल्बम करायचाय. मोठे साहेब मागे लागलेत, पहिल्यापेक्षा भारी पाहिजे म्हणतात. तुमच्याकडे असेल ना एखादी गोष्ट? नाव नका घेऊ हवं तर."

खिडकीतून कुंपणापलीकडे ब्रदर हर्शेल दिसत होते. टोमॅटोच्या वेलींना काठ्या बांधत होते, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून. व्हेस्टाच्या तोंडात जगातली सगळ्यात भारी गोष्ट येऊन बसली होती. आणखी तीस लाख तर कुठं गेले नव्हते.

"मिस व्हेस्टा? आहात ना?"

"आहे गं पोरी," व्हेस्टा म्हणाली. "गोष्टी संपल्या माझ्याकडच्या. मक्याच्या पुडिंगची कृती हवी असली तर लिहून घे."